विषय ठरण्यापूर्वी ग्रंथालय : कुलगुरूंस अनावृत पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांचे माननीय कुलगुरू यांचे सेवेशी,



पदव्युत्तर वर्गात नुकताच दाखल झालेला, किंवा नव्या शैक्षणिक धोरणान्वये पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरणारा विद्यार्थी विभागाच्या कार्यालयात येऊन उभा राहिला, की त्याच्यापुढे जे कागद एकामागून एक सरकविले जातात, त्यांत बहुधा एक कागद असा असतो, की ज्यावर त्याने आपल्या संशोधनाचा विषय, उद्दिष्टे, गृहीतके आणि संदर्भसूची अमुक तारखेच्या आत लिहून मार्गदर्शकांच्या स्वाक्षरीनिशी सादर करावयाची असते. ही मुदत पुष्कळ ठिकाणी इतकी अल्प असते, की ती संपेपर्यंत त्या बिचाऱ्याच्या हाती ग्रंथालयाचे ओळखपत्रही पडलेले नसते. म्हणजे ज्या वास्तूत विषय सापडावयाचा, तीत पाऊल टाकण्यापूर्वीच तो सापडल्याची कबुली आपण त्याच्याकडून लेखी घेतो. या उलट्या क्रमाविषयी, आणि तो सुलटा करण्याच्या तजविजीविषयी, आपणांस लिहिण्याचे धाडस करीत आहे. पत्र अनावृत लिहिण्याचे कारण एवढेच, की खाजगी अर्ज आवक-नोंदवहीत आपला क्रमांक मिळवून स्वस्थ पडून राहतो. आणि शिवाय हा प्रश्न कोणा एका विद्यापीठाचा नाही.

प्रश्न जुना असला तरी आज तो अधिक निकडीचा झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळविणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधन करण्याची मुभा मिळते, 12 श्रेयांकांचा प्रबंध त्याला लिहावा लागतो, आणि त्याच वर्षीच्या पीएच.डी.विषयक नियमांप्रमाणे ही चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांनिशी संपादणारा विद्यार्थी एम.ए.ची पायरी न चढताही थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरतो. पूर्वी तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ज्या दाराशी विद्यार्थी येई, तेथे आता तो विसाव्या-एकविसाव्या वर्षी येणार. आणि त्या वयापर्यंत ग्रंथालयाशी त्याचा आलेला संबंध, प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, परीक्षेपूर्वी अभ्यासिकेत जागा धरण्यापुरता आणि नेमलेल्या पुस्तकाची प्रत देवघेव विभागातून मिळविण्यापुरता असतो. यात दोष विद्यार्थ्याचा नाही. ज्या शिक्षणक्रमात उत्तरे एकाच पुस्तकात मिळतात, त्यात दुसरे पुस्तक उघडण्याचे प्रयोजन त्याला कोणी दिलेलेच नाही.

ग्रंथालयात न जाता घडलेले विषय कसे असतात, हे आपणांस मी सांगावयास नको. 'महाराष्ट्रातील दुष्काळ : एक चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक नमुन्यादाखल घेऊ. अशा शीर्षकात चूक काहीच नसते. त्यात काहीच नसते, एवढेच. महाराष्ट्र केवढा, दुष्काळ कोणता, चिकित्सा कशाची, हे प्रश्न विचारावयास ज्या वाचनाची गरज असते ते अजून व्हावयाचे असते. आता याच विद्यार्थ्याला, शीर्षकाची सक्ती न करता, एक सत्रभर ग्रंथालयात मोकळे सोडले आणि एखाद्या जाणत्या माणसाने त्याला केवळ दिशा दाखविली, तर काय घडेल, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम तो मराठी विश्वकोशातील नोंद वाचील आणि नोंदीखालील संदर्भ उतरून घेईल. तेथून तो जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांकडे वळेल. 1884 साली निघालेल्या अहमदनगर आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या खंडांतील शेतीच्या प्रकरणात त्याला दुर्गादेवीच्या दुष्काळापासून 1876–77 च्या दुष्काळापर्यंतची परंपरा सापडेल, आणि ज्या आपत्तीला तो आजवर निसर्गाचा कोप समजत आला, तिच्या पोटात सारावसुली, धान्याचे भाव, रस्ते आणि आगगाडी यांचा हिशेब दडलेला आहे, हे त्याच्या ध्यानी येईल. मग 1880, 1898 आणि 1901 या सालांचे दुष्काळ आयोगांचे अहवाल. हे जाडजूड ग्रंथ कोणी संपूर्ण वाचावे अशी अपेक्षा नाही. परंतु त्यांची अनुक्रमणिका आणि सूची चाळणे हेदेखील एक शिक्षण आहे, कारण सरकार दुष्काळाकडे कोणत्या रकान्यांतून पाहत होते, ते त्या सूचीइतके स्पष्टपणे अन्यत्र दिसत नाही.

त्यानंतर, बहुधा आपल्या आजीने सांगितलेल्या आठवणींमुळे, तो 1972 च्या दुष्काळाशी येऊन थांबेल. येथे त्याला नियतकालिक विभागात जावे लागेल. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकाच्या बांधीव खंडांत 1971 साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयी लिहिलेला विस्तृत अभ्यास आहे, आणि त्याच साप्ताहिकाच्या 1980 च्या खंडात कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांचा रोजगार हमी योजनेवरील लेख आहे. दोहोंच्या मधल्या वर्षांत वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला कायद्याचे रूप आले. तो कायदा 1977 साली विधिमंडळाने संमत केला आणि 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. हे समजले, की विद्यार्थी विधिमंडळाच्या कार्यवाहीचे खंड मागेल. ते मागितले, की जनगणनेची जिल्हा-पुस्तके मागेल. आणि त्या सालांच्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळू लागला, की खडी केंद्र, पाझर तलाव, नालाबांध, हजेरीपट, सुकडी, मिलो हे शब्द त्याला भेटतील, जे कोणत्याही ग्रंथतालिकेच्या विषयसूचीत त्याला भेटले नसते. एखाद्या दुपारी, दोन लेखांतील आकड्यांचा मेळ का बसत नाही या विवंचनेत असताना, त्याला एकाएकी दिसेल, की खडी केंद्रांवर स्त्रियांची संख्या एवढी मोठी असतानाही, त्यांच्या नावांच्या नोंदी हजेरीपटावर कशा होत होत्या आणि मजुरी कोणाच्या हातात पडत होती, याविषयी ज्याने-त्याने ओझरते लिहून पुढचा रस्ता धरला आहे. एका तालुक्यापुरते, दोन वर्षांपुरते, हे तपासणे शक्य आहे. हा विषय झाला! तो त्याने घरून आणलेला नाही आणि मार्गदर्शकांनीही दिलेला नाही. एका ग्रंथाच्या तळटीपेने त्याला दुसऱ्याकडे धाडले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याच्या पुढे कोणी गेलेले नाही असे आढळले, तेथे तो उभा राहिला.

माझे सारे म्हणणे या एका उदाहरणात आले आहे. संशोधनाचा विषय ही ग्रंथालयातील वाचनाची निष्पत्ती आहे, आणि म्हणून तो वाचनापूर्वी मागणे अनाठायी आहे. माझी पहिली विनंती अशी, की शीर्षक नोंदविण्याची मुदत पहिल्या सत्राच्या अखेरीपर्यंत पुढे ढकलावी, आणि त्या सत्रात विद्यार्थ्याने केवळ एक टाचणवही सादर करावी : कोणते ग्रंथ, लेख, अहवाल आणि प्रबंध पाहिले, ते कोठे सापडले, त्यांच्या तळटिपांनी कोठे नेले, आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला. या वहीस गुण द्यावेत. लेखकाचे नाव, आवृत्ती, साल, पृष्ठांक आणि ग्रंथालयाचा वर्गांक टाचणाच्या माथ्यावर लिहिल्याशिवाय खाली एक ओळही उतरवू नये, ही शिस्त विसाव्या वर्षी अंगवळणी पडली, तर पुढे वाङ्मयचौर्याच्या टक्केवारीची जी धास्ती विद्यार्थी बाळगून असतात, ती पुष्कळशी निराधार ठरेल. अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले आहे. परंतु आपले वाक्य कोणते आणि दुसऱ्याचे कोणते हे ज्याच्या वहीतच वेगळे राहिलेले नाही, त्याला हे टक्के मोजणारे यंत्र काय शिकविणार? चोरीच्या हेतूने चोरी करणारे थोडे. टाचण नीट न ठेवल्यामुळे चोर ठरणारे अधिक.

आता तो जाणता माणूस. सत्रारंभी विद्यार्थ्यांचा एक जथा ग्रंथालयातून तासाभरात फिरवून आणावयाचा, येथे वर्तमानपत्रे, येथे संगणक, येथे पिशव्या ठेवाव्यात, असे सांगावयाचे, आणि उपस्थितीच्या तक्त्यावर सह्या घेऊन 'ग्रंथालय-परिचय' पार पडल्याचा अहवाल पाठवावयाचा, हा शिरस्ता मी पुष्कळ पाहिला आहे. ज्याच्या मनात अजून प्रश्नच उद्भवलेला नाही, त्याला उत्तरांची कपाटे दाखविण्यात काय हशील? परिचय प्रश्न उद्भवल्यानंतर व्हावा, आणि तो जथ्याचा नसून एकेकट्याचा असावा. संदर्भ विभागातील मेजापाशी बसलेला ग्रंथपाल आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीवर आपला अर्धवट प्रश्न घेऊन बसलेला विद्यार्थी, यांच्यातील वीस मिनिटांचे संभाषण हीच ग्रंथालयाची खरी प्रवेशिका होय. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या कालखंडातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढे 1950 पर्यंतच्या ग्रंथांचा दुसरा भाग दिला, ही गोष्ट मराठीच्या प्रत्येक नवागत विद्यार्थ्यास कळावी ती याच मेजापाशी. कारण एकट्या व्यक्तीच्या ध्यासातून उभी राहिलेली ही सूची अनेक ग्रंथालयांत संदर्भ विभागाच्या खालच्या फळीवर इतकी निमूटपणे असते, की माहितगाराने बोट दाखविल्यावाचून ती कोणाच्या नजरेस पडू नये.

या संभाषणाचे महत्त्व आपल्या देशात ज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत आग्रहाने ओळखले, तो पुरुष मूळचा गणिताचा अध्यापक होता. शियाळी रामामृत रंगनाथन यांना 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद मिळाले, तेव्हा त्या रिकाम्या कचेरीतील एकांताला ते इतके कंटाळले, की पुन्हा वर्गावर जाऊ द्यावे म्हणून त्यांनी आर्जवे आरंभिली. अधिकाऱ्यांनी त्यांना आधी इंग्लंडला जाऊन येण्यास सांगितले. लंडनमध्ये आणि क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात तेथील ग्रंथपाल सेयर्स यांच्या सहवासात त्यांनी जे पाहिले, त्याने या गणितज्ञाचे आयुष्य पालटले. परतल्यावर त्यांनी मद्रासच्या ग्रंथालयातील कपाटे वाचकांस खुली केली, ग्रंथालय उघडे राहण्याच्या वेळा वाढविल्या, आणि वाचकाला ग्रंथ शोधून देण्यासाठी सेवक नेमणे हे ग्रंथालयाचे प्रथम कर्तव्य मानले. 1931 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांच्या ग्रंथात वाचकाच्या वेळेची बचत हे एक स्वतंत्र सूत्र आहे, आणि त्याचा रोख आपल्या मागणी-चिठ्ठ्यांच्या पद्धतीवर आजही तितकाच अचूक बसतो. महाराष्ट्राने याबाबतीत मागे राहावे असे इतिहासात काही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी तर 1910 सालीच बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले होते.

खुल्या कपाटांविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे, कारण आजही काही ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थ्याला कपाटांपर्यंत मज्जाव आहे. तो चिठ्ठी लिहून देतो, सेवक आत जातो, आणि अर्ध्या तासाने 'पुस्तक जागेवर नाही' असे तोंडी उत्तर घेऊन बाहेर येतो. पुस्तक मिळाले तरी या पद्धतीत एक मूलगामी उणीव राहतेच : विद्यार्थ्याला तेच पुस्तक मिळते जे त्याने मागितले. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात 891.46 या अंकाखाली मराठी वाङ्मय येते, हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला त्या फळीपुढे उभे राहण्याची मुभा आहे, त्याच्या हाती मागितलेल्या ग्रंथाबरोबर त्याचे शेजारी लागतात. आणि संशोधनाच्या आरंभी शेजाऱ्यांचे मोल मूळ ग्रंथाहून अधिक असते. ज्याचे नाव ठाऊक नाही ते मागता येत नाही, ते फक्त दिसू शकते. पुस्तके चोरीस जातील, पाने फाडली जातील, हे भय अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु काही ग्रंथ गहाळ होतील या धास्तीने सारेच ग्रंथ अदृश्य करून ठेवणे हा हिशेब मला कधीच समजलेला नाही.

येथे कोणी म्हणेल, की आता कपाटे हवीत कशाला, सारे पडद्यावर आले आहे. पडद्याचा मी शत्रू नाही. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राचे 'शोधगंगा' हे प्रबंधांचे भांडार ज्या काळी नव्हते, त्या काळी एखाद्या विषयावर नागपुरात काय लिहिले गेले, हे कोल्हापुरात कळावयास योगायोग लागे. आज तो प्रबंध घरबसल्या उघडता येतो, आणि नवशिक्याने त्यातील निष्कर्ष वाचण्यापूर्वी शेवटची ग्रंथसूची वाचावी, एवढेच माझे सांगणे आहे. केंद्र सरकारने 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' या योजनेस नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी देऊन तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपयांची तरतूद केली आणि 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांच्या आवाक्यात आणली, हेही स्तुत्यच होय. परंतु त्या भांडारात प्राधान्याने आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची इंग्रजी नियतकालिके आहेत. मराठी मासिकांच्या जुन्या फायली, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड, स्मरणिका, संमेलनांचे वृत्तांत आणि सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल तेथे सापडावयाचे नाहीत, आणि महाराष्ट्राविषयी काही नवे सांगू पाहणाऱ्याचा दाणागोटा तर या साधनांतच असतो. अलीकडे तर अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे, लेखकासह आणि सालासह, बेमालूम घडवून देणारी यंत्रे विद्यार्थ्यांच्या खिशात आली आहेत. त्यावर उपाय एकच : संदर्भसूचीतला प्रत्येक ग्रंथ विद्यार्थ्याने प्रत्यक्ष उघडलेला असावा आणि तो कोठे उघडला हे त्याला सांगता यावे.

कोणत्याही एका विद्यापीठाचे ग्रंथालय, मग ते मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याखालील देखण्या वास्तूत असो वा पुण्याच्या जयकर ग्रंथालयासारखे विस्तृत असो, स्वतःपुरते पूर्ण असू शकत नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज आणि गोखले अर्थशास्त्र संस्था या चार ठिकाणचे संग्रह एकाच शहरात आहेत. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. असे असूनही पदवीच्या चौथ्या वर्षाचा विद्यार्थी अशा दारांशी जाण्यास कचरतो, कारण आपण तेथे कोणत्या नात्याने जावे आणि कोणाचे पत्र न्यावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. विद्यापीठाने या संस्थांशी एकदाच बोलणी करून, एक वर्ष मुदतीचे परिचयपत्र विषयनोंदणीच्या सत्रातच प्रत्येक संशोधनार्थी विद्यार्थ्यास द्यावे. आणि जेथे शहरात अशा संस्था नाहीत, त्या गडचिरोली, नांदेड, जळगावसारख्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना आठवडाभर या शहरांत राहून वाचण्यापुरते प्रवासभाडे आणि वसतिगृहातील खाट द्यावी. परिसंवादांच्या मंडपांवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

एका हरकतीचा विचार मात्र टाळता येत नाही, कारण ती खरी आहे. ग्रंथपालांची मंजूर पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत. जे आहेत त्यांच्या माथी मूल्यांकनाची माहिती भरणे, संगणकीय नोंदी, खरेदीच्या फायली आणि परीक्षांच्या बैठकव्यवस्थेपर्यंतची कामे आहेत. मग संदर्भाच्या मेजापाशी बसावे कोणी? पदे भरावीत हेच उत्तर होय, आणि ते आपण शासनाकडे वारंवार मागत असाल याविषयी मला शंका नाही. तोवर एक तात्पुरती तजवीज सुचवितो. निवृत्त ग्रंथपाल आणि निवृत्त अध्यापक प्रत्येक विद्यापीठाच्या गावी विपुल आहेत. त्यांतील काहींना आठवड्यातून दोन दुपारी संदर्भ विभागात येऊन नव्या विद्यार्थ्यांचे प्रश्न ऐकण्याचे काम सोपविले, तर ते मानधनाची अट न घालता येतील, असे मी स्वतःपुरते तरी खात्रीने सांगू शकतो. फक्त त्या आदेशाची एक लेखी प्रत ग्रंथालयाच्या दारावरील सुरक्षारक्षकाकडे अवश्य ठेवावी. कारण कुलगुरूंची तोंडी अनुज्ञा त्या दारापर्यंत पोहोचण्यास नेहमीच फार वेळ लागतो.



आपला नम्र,
इतिहासाचा एक निवृत्त अध्यापक